वारा कोण खातो?



मी दिंडोशीला राहतो. मालाड स्टेशनला पूर्वेला उतरून, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून डोंगराच्या अंगाला आलात की आमची वस्ती लागते. इथे सपाट रस्ता शोधावा लागतो. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरून वर यायचं म्हटलं, की माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने एकदा तरी थांबावं लागतं. आमच्याच मजल्यावरचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र हा चढ रोज पहाटे सायकलवरून चढतो. इथून आरे कॉलनीत जातो, तिथले चढउतार मारतो आणि आम्ही दूध घ्यायला खाली उतरतो तेव्हा घामाने निथळत परत येत असतो. जुनी, दुसऱ्याने वापरलेली शर्यतीची सायकल आहे. तिच्यावर त्याचा भारी जीव.

एका रविवारी तो जिन्यात बसलेला दिसला. सायकल भिंतीला टेकवलेली, चेहरा पडलेला. म्हटलं, काय झालं? म्हणाला, "काका, आज मोठ्या क्लबची पोरं भेटली. आरेच्या चढावर मी त्यांच्यातल्या कुणालाही सोडलं नाही. पण हायवेला लागल्यावर दहा मिनिटांत ती दिसेनाशी झाली. माझा दमच कमी पडतो बहुतेक."

"दम कमी पडतो" हे शब्द ऐकले आणि मी जिन्यातच बसलो. कारण हेच शब्द मी एकदा, फार वर्षांपूर्वी, माझ्या सख्ख्या भावाबद्दल वापरले होते. नुसते वापरले नव्हते, त्यांची कविता केली होती. आज मला सायकलच्या शर्यतीबद्दल बोलायचं आहे ते त्यासाठी.

माझं लहानपण खोपोलीला गेलं. बोरघाटाच्या पायथ्याशी. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढणं, रिम सरळ करणं, तासाच्या भाड्याने सायकली देणं. भाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो पाना हातात घेऊनच मोठा झाला. आणि आमच्या गावाचा सण कुठला विचाराल, तर दिवाळी-ईद आहेच, पण मुंबई-पुणे सायकल शर्यत जायची तो दिवस वेगळाच. माणसं सकाळपासून रस्त्याच्या कडेला. कुणी घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी जाऊन उभं राहायचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, अशी त्याची आख्यायिका. घाट चढणाऱ्या गाड्या अजूनही तिथे नाणं वाहून पुढे जातात. शर्यतीत घाट सर्वांत आधी सर करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. आमच्या लेखी पुण्यात कोण पहिला आला याला फार किंमत नव्हती. घाटाचा राजा कोण, एवढाच प्रश्न.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका वर्षी भाई स्वतः शर्यतीत उतरला. अब्बांनी कुणाची तरी मोडीत निघालेली गिअरची सायकल जुळवून दिली होती. आम्ही घाटाच्या तोंडाशी उभे. आधी पुढचा घोळका आला, एकसारखे बनियन घातलेले, एकत्र सराव करणारे, मोठ्या संघांचे खेळाडू. मग दुसरा घोळका. मग सुटे सुटे. भाई त्यांच्याही मागून आला, एकटा. अब्बा काही बोलले नाहीत. मी बारा-तेरा वर्षांचा, मला रडू आलं. त्या रात्री भाई एका ट्रकमधून सायकलसह खोपोलीला उतरला. अब्बांनी एकच विचारलं, "सायकल ठीक आहे ना?"

पुढे मी बी.ए. झालो, मुंबईत नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो. 'दमछाक' नावाची एक कविता लिहिली. ज्याची छाती स्वप्नापेक्षा लहान निघाली अशा एका सायकलवाल्याची. कर्जतच्या एका कविसंमेलनात वाचली, टाळ्या पडल्या. भाई श्रोत्यांत बसला होता. परतताना म्हणाला, "कविता चांगली आहे रे. पण तिच्यात वारा कुठंय?" मला वाटलं, दुकानदार माणूस, कवितेतलं याला काय कळणार. मी हसलो.

त्या रविवारी जिन्यातून उठलो आणि भाईला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी समजावून सांग, वारा म्हणजे काय? भाई तासभर बोलला. इतकं तो आयुष्यात माझ्याशी सलग बोलला नव्हता. नंतर मी थोडं वाचलं, थोडं त्या मुलाच्या मोबाइलवर पाहिलं. ते तुम्हाला सांगतो.

सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणारा सायकलस्वार मुख्यतः हवेशी झगडत असतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. पण दुसऱ्या सायकलीच्या अगदी मागे चाक लावून चाललं, तर पुढचा माणूस हवा कापतो आणि मागच्याची ताकद पाव ते एक-तृतीयांश वाचते. मोठ्या घोळक्याच्या पोटात असलेल्याची त्याहूनही जास्त. आपण चौपाटीवर वारा खायला जातो. सायकलवाले एकमेकांसाठी वारा खातात. आठ जणांचा संघ पाळीपाळीने पुढे आला, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवा हिस्सा वारा येतो. एकट्याच्या वाट्याला सगळाच.

म्हणून दिसायला ही शर्यत एकेकट्याची असली, पदक एकाच्याच गळ्यात पडत असलं, तरी खेळ संघाचा आहे. संघातला एक म्होरक्या. बाकीचे त्याच्यासाठी वारा खातात, पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. फ्रेंच भाषेत अशा खेळाडूला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ घरगडी. कबड्डीत सातांसमोर सात असतात. इथे तसं नाही. जागतिक अजिंक्यपद असो वा ऑलिंपिक, ज्या देशाची क्रमवारी वरची, त्याला जागा जास्त. कुणाचे आठ, कुणाचा एकच. सगळे एकाच रेषेवरून सुटतात, आणि आपण म्हणतो, जो दमदार तो जिंकेल.

माणसं मोजली की निकाल कसा बदलतो, याचं एक उदाहरण आहे. २०११ साली कोपनहेगनला जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. २६६ किलोमीटर, रस्ता बराचसा सपाट. ब्रिटनचे आठ खेळाडू होते आणि मार्क कॅव्हेंडिश हा शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये मुसंडी मारणारा त्यांचा म्होरक्या. बाकीच्या सातांनी जवळजवळ दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी राहून वारा खाल्ला, कुणाला पुढे निसटू दिलं नाही, आणि कॅव्हेंडिश जिंकला. १९६५नंतर प्रथमच ब्रिटनच्या पुरुष खेळाडूने ही शर्यत जिंकली.

वर्षाच्या आत लंडनला ऑलिंपिक आलं. घरचं मैदान, तोच म्होरक्या. सोबतीला होते ब्रॅडली विगिन्स, ख्रिस फ्रूम, डेव्हिड मिलर आणि इयन स्टॅनर्ड. विगिन्स तर आठवड्यापूर्वी टूर द फ्रान्स जिंकून आलेला. पण तेव्हा ऑलिंपिकमध्ये एका देशाचे जास्तीत जास्त पाचच. अंतर २५० किलोमीटर, आणि मध्ये बॉक्स हिल नावाची टेकडी नऊ वेळा चढायची. भाईने मला कच्चा हिशोब करून दाखवला. कोपनहेगनला २६६ किलोमीटरचा वारा सात जणांत वाटला, माणशी अडतीस किलोमीटर. लंडनला २५० किलोमीटरचा वारा चौघांत, माणशी बासष्ट. त्यात इतर संघ मदतीला येईनात. शेवटी कॅव्हेंडिशच पुढे जाणार असेल, तर त्याला तिथवर ओढून न्यायची हमाली ते का करतील? टेकडीवर एक मोठी टोळी निसटली ती पुन्हा सापडलीच नाही. सुवर्णपदक कझाकस्तानच्या विनोकुरोव्हने नेलं. कॅव्हेंडिशचा दम एका वर्षात आटला होता का? नाही. तीन माणसं कमी झाली होती आणि एक टेकडी वाढली होती.

आता टेकडीचं. आखणी करणारा माणूस कागदावर रेघ मारतो, तेव्हाच निम्मी शर्यत ठरते. चढावर वेग ताशी पंधरा-सोळावर येतो. हवेचा विरोध किरकोळ होतो आणि उरतं ते स्वतःचं वजन. पुढच्याच्या मागे लपून फारसं काही वाचत नाही. आम्हा घाटाखालच्या लोकांना एक गोष्ट पाठ असते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. सायकलच्या शर्यतीत याच्या नेमकं उलट आहे. सपाटीवर ढकलायला सात इंजिनं, आणि घाट लागला की ज्याचं त्याने चढायचं.

म्हणूनच रस्ता पाहून देश आपले खेळाडू निवडतात. २०१६ साली दोहाला जागतिक शर्यत झाली, वाळवंटातली सपाटी. तिथे जोरकस मुसंडीवाले आणि आडव्या वाऱ्यात टिकणारे गेले. २०१८ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुकला डोंगरच डोंगर, तिथे चढणारे गेले आणि स्पेनचा अलेहांद्रो वाल्वेर्दे जिंकला. २०२५ साली ही स्पर्धा प्रथमच आफ्रिकेत, रवांडाच्या किगाली शहरात भरली. २६७ किलोमीटरहून अधिक अंतर, चढ इतके की सगळे मिळून पाच हजार मीटरच्या वर. पुरुषांच्या शर्यतीत शेवटपर्यंत पोचले ते फक्त तीस. तिथे संघ केव्हाच विखुरले होते. स्लोव्हेनियाचा पोगाचार शेवटचे कित्येक किलोमीटर एकटाच होता.

पण चढ आहे म्हणजे एकट्याचं भलं झालं, इतकं ते सोपं नाही. चढ कुठे आहे, हे पाहावं लागतं. आपला बोरघाटच घ्या. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आठ-दहा किलोमीटरमध्ये रस्ता पाचशे मीटरच्या आसपास उंची चढतो. चढणाऱ्याची खरी परीक्षा. पण हा घाट शर्यतीच्या मधोमध आहे. त्याच्या आधी मुंबई ते खोपोली हा लांबलचक, बहुतेक सपाट रस्ता, आणि नंतर लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत साठेक किलोमीटर, पुन्हा मोकळं पठार, पुन्हा वारा. एकटा माणूस घाटात पुढे गेला तरी पठारावर मागून संघ येतो, पाळ्या लावतो आणि त्याला धरतो. घाटाचा राजा हा किताब वेगळा का ठेवला असेल, ते मला आत्ता कळतं. घाटाच्या राजाला पुण्याची गादी मिळेलच असं नाही, हे या रस्त्याची ओळख असणाऱ्यांना ठाऊक होतं. शेवटची रेघ खंडाळ्यात आखली असती, तर त्याच खेळाडूंत वेगळी नावं गाजली असती.

त्या दिवशी भाईचं काय झालं, तेही मला चाळीस वर्षांनी कळलं. पनवेल सुटेपर्यंत तो पहिल्या घोळक्यात होता. मग मोठ्या संघांनी खेळ सुरू केला. एकाने निसटायचं, बाकीच्यांनी शांत बसायचं. त्याला धरायला जायचं कुणी? ज्याचा संघ नाही त्याने. भाई गेला, धरलं. लगेच दुसरा निसटला. भाई पुन्हा गेला. चौथ्या वेळी पाय उचलेनात आणि घोळका डोळ्यांदेखत गेला. तिथून खोपोलीपर्यंत समोरचा वारा एकट्याने खात तो आला. आम्ही पाहिला तो हा भाई. आम्ही पाहिलं नाही ते पुढचं. घाटात त्याने दहा-बारा जणांना मागे टाकलं. खंडाळ्यात दुसरा घोळका त्याच्या टप्प्यात होता. आणि लोणावळ्यानंतर सपाटी लागली.

मी म्हटलं, "भाई, हा तर अन्याय झाला." तो म्हणाला, "कसला अन्याय? त्यांचं काय चुकलं? ती पोरं एकमेकांसाठी वारा खात होती. त्यातला ज्याने सगळ्यात जास्त खाल्ला, त्याचं नाव तरी पेपरात आलं का? शर्यत ठीकच होती. मी तिच्यात एकटा गेलो, एवढंच."

श्रोतेहो, मला वाटतं भाईचं हे म्हणणं नीट ऐकायला हवं. संघ असणं ही लबाडी नाही. दुसऱ्यासाठी दोनशे किलोमीटर वारा खाऊन शेवटी घोळक्यात हरवून जाणं, याला मोठं मन लागतं. सपाट रस्ता या सहकार्याची परीक्षा घेतो, चढ एकेकट्याची. दोन्ही परीक्षा खऱ्या आहेत. चूक होते ती आपल्यासारख्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची. कोणती परीक्षा चालली आहे हे न पाहता आपण गुणपत्रिका लिहून मोकळे होतो.

खेळ चालवणाऱ्यांनाही हा तोल साधावा लागतो. टूर द फ्रान्समध्ये पूर्वी एका संघात नऊ जण असत, २०१८पासून आठ केले. पडापड कमी व्हावी हा एक हेतू, आणि बलाढ्य संघाने सगळी शर्यत मुठीत ठेवू नये हा दुसरा. एक माणूस कमी केल्याने सगळं बदललं असं नाही. बलाढ्य ते बलाढ्यच राहिले. पण विचार त्या दिशेचा. आता आपल्याकडेही हे सगळं समोर पाहायला मिळतं. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. आधी एक छोटी फेरी आणि मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. जिथे रोजच्या वेळेची बेरीज होते, तिथे एका दिवशी वारा खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी ताजा लागतो. त्यामुळे माणसांचं मोल आणखी वाढतं. पुढे कधी ती पाहायला गेलात, तर फक्त पहिला कोण आला ते पाहू नका. घोळक्याच्या तोंडाशी कोण होतं, तेही पाहा.

मग एकट्याने कधी जिंकायचंच नाही का? त्या मुलाने मला हेच विचारलं. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याच्या मोबाइलवर टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत पाहिली. जुलै २०२१. एकूण सदुसष्ट जणी. नेदरलँड्सच्या चौघी, चारही जगातल्या अव्वल. ऑस्ट्रियाची एकच, ॲना कीझेनहोफर. गणितात डॉक्टरेट केलेली, कुठल्याही व्यावसायिक संघाशी तिचा त्या वेळी करार नव्हता. शर्यत खरी सुरू झाली त्याच क्षणी ती आणखी काही जणींबरोबर निसटली. हळूहळू बाकीच्या गळाल्या आणि शेवटचे चाळीसेक किलोमीटर ती एकटीच. मागच्या घोळक्यात प्रत्येकीला वाटलं, पाठलाग डच मुली करतील. डच संघाला तर कोण किती पुढे आहे याचाच हिशोब लागेना, कारण ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावून सूचना घ्यायला परवानगी नाही. कीझेनहोफर सव्वा मिनिट आधी पोचून सुवर्णपदकाची धनी झाली होती, आणि मागून आलेली डच खेळाडू व्हॅन फ्लोटेन आपणच जिंकलो असं समजून हात उंचावत रेषा ओलांडत होती.

मुलगा उड्या मारायला लागला. "बघा काका! एकटी जिंकली!" मी भाईला फोन लावून दिला. भाई त्याला म्हणाला, "बेटा, ती एकटी होती, पण तिने हिशोब केला होता. डोंगर कुठे, उतार कुठे, बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे कधी बघत बसतील, हे तिने ओळखलं. आणि तिथे एका देशाचे चारच होते. तू नुसता जोर लावतोस. आधी रस्ता वाच. आणि सपाटीची शर्यत असेल तर आणखी तीन पोरं शोध."

त्यावर त्याने काय केलं ते सांगतो. पिंपरीपाड्यातला एक, संतोषनगरातला एक आणि कुरारचा एक, अशी तीन पोरं त्याने गाठली. एकाची सायकल तर नुसती भाजी आणायच्या कामाची होती. आता पहाटे चौघं एका रांगेत निघतात. दर थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो आणि शेपटाला जाऊन लागतो. मी दुधाची पिशवी घेऊन कठड्याशी उभा राहतो आणि पुढे कोण आहे ते मोजतो. अजून कुठली शर्यत त्यांनी जिंकलेली नाही. पण परवा तो म्हणाला, "काका, काल हायवेला ती पोरं बोरिवलीपर्यंत दिसत होती."

माझ्या कवितांचं नवं पुस्तक निघायचं आहे. 'दमछाक' ही कविता मी त्यातून काढून टाकली. भाईला तसं कळवलं. वाटलं, बरं वाटेल त्याला. तर म्हणाला, "काढलीस कशाला? लोकांना आवडत होती ती."

मग थोडं थांबून म्हणाला, "वारा घालून परत लिही."

ते जमतंय का, पाहतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)